चारी प्लग सारखेच ओले

दस्तगीर, तू जिंकलास. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता माझी जीभ फिरेल आणि मी परत तुझ्याशी वाद घालायला लागेन. माझा स्वभाव तुला काय सांगायचा? जिंकलास म्हणजे साधा नाही जिंकलास, पार चितपट केलंस मला, आणि तेही मातीखाली निजल्यावर. अख्ख्या गल्लीत मी हे ओरडून सांगितलंय. आता कागदावर सांगतो.

मी जरा पुस्तकी लिहितोय म्हणून हसू नकोस. बोलायला लागलो की मी तुझ्यासारखाच बोलतो, पण हातात पेन आलं की शाळेतले मास्तर मानेवर बसतात. तू म्हणाला असतास, "बोलतोस त्ये लिही की लेका, कुणाला भितोस?" भितो बाबा. तुलाच भितो. श्रावणात मी तुला एक डाग लावला. "दस्तगीर मिस्त्रीची नजर गेली," हे गल्लीत सगळ्यात आधी मी म्हणालो, मग सगळे म्हणायला लागले. तो डाग अंगावर घेऊन तू गेलास. तो खोटा होता, हे दाखवून झाल्याशिवाय तुझ्यासाठी काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून एवढा उशीर झाला.

आपलं दोघांचं जमलं कसं, हेच नवल आहे. उद्यमनगरात गल्लीच्या तोंडाला तुझं गॅरेज आणि गल्लीच्या शेवटाला माझं बोरिंगचं मशीन. मध्ये चाळीस पावलं. मोटार तेल प्यायला लागली की गिऱ्हाईक आधी तुझ्या दारात यायचं, आणि तू म्हणालास तर माझ्या. माझं काम एकच, झिजलेला सिलिंडर आतून कापायचा, पुन्हा गोल करायचा आणि मोठ्या पिस्टनला जागा करून द्यायची. म्हणजे माझं पोट बोअरवर, आणि तुझी हयात गेली "बोअर नगं" म्हणण्यात. दुसरा कोणी असता तर मी त्याच्याशी बोललोच नसतो.

पहिल्यांदा भेटलास तो भांडायलाच. गडमुडशिंगीची शेती भावाच्या हवाली करून मी नुकताच मशीन टाकून बसलो होतो. साठ सालाच्या पुढचे दिवस, अंगात रग, आणि नवं मशीन म्हटल्यावर हात नुसते शिवशिवत होते. मुरगूडच्या एका पावण्यानं इंजिन आणून टाकलं. तेल खातंय, चारी सिलिंडर कापा म्हणाला. मी ब्लॉक मशीनवर चढवतोय तोवर तू दारात. दोन्ही हातांवर आडवी धरलेली एक फळी. बैलगाडीच्या मोडक्या फळीचा तुकडा, त्याला चार भोकं पाडलेली, भोकांखाली पांढऱ्या रंगानं एक, दोन, तीन, चार काढलेले, आणि भोकांत त्याच इंजिनाचे चार प्लग उभे. इंजिन उतरवलं होतं तुझ्याच गॅरेजात, पण पावण्याला घाई. तुझं म्हणणं ऐकायला तो थांबलाच नव्हता.

"ह्ये बघ आदी," म्हणालास आणि फळी माझ्या मशीनवर ठेवलीस. नाव नाही, गाव नाही. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे. तीन नंबरचा तेवढा काळा, ओला, चकचकीत.

"चौघांत एकच आजारी हाय. तू चौघास्नी का फाडतोस?"

"तू कोण मला सांगणार?"

"दस्तगीर मिस्त्री. तू?"

"सर्जेराव."

"बरं. सर्ज्या, तिसरा पिस्टन काढ."

काढला. रिंगेचे दोन तुकडे होऊन पडले होते. बाकीचे तीन सिलिंडर आरशासारखे. मला एवढा राग आला होता की तुझं थोबाड फोडावंसं वाटत होतं, आणि त्याच रागात मी तुला चहा पाजला. त्यानंतर वीस वर्षं, तू मला सर्ज्याच म्हणालास. माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा.

त्या फळीनं मला किती छळलं असेल! गाडी आली की प्लग काढायचे, ज्या सिलिंडरचा प्लग त्याच नंबरच्या भोकात उभा करायचा, आणि तू येऊन बघेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. फडकं तर जवळ न्यायचंच नाही. "पुसू नगं!" एवढे दोन शब्द तू इतक्या जोरात ओरडायचास की समोरच्या फौंड्रीतली माणसं दचकायची. लोकांना वाटायचं, मिस्त्रीकडं जायचं तर वस्तू स्वच्छ करून न्यावी, आपली काही रीतभात आहे की नाही. तू कपाळाला हात लावायचास. "डाक्टरकडं जाताना ताप घरी ठिवून जातोस का रं?" असं एका भल्या माणसाला विचारलं होतंस. तो बिचारा देवळात उभं राहिल्यासारखा उभा होता.

मग तू प्लग उचलायचास. आधी नुसता बघायचास, मग वास घ्यायचास, मग नखानं आतल्या कडेला खरवडायचास. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओली काजळी म्हणजे तेल. आणि तेल असलं की तुझा एकच प्रश्न, खालनं आलं का वरनं? खालून म्हणजे पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं. तसं असलं तर सिलिंडर झिजला, गाडी माझ्याकडं. वरून म्हणजे व्हॉल्व्ह ज्या नळीत वरखाली होतो, जिला आपण गाइड म्हणतो, ती सैल झाली. तसं असलं तर माझं काम नाही. मी खालनं म्हणायचो, तू वरनं. आपल्या वादाचं सगळं भांडवल एवढंच. मला दर वेळी मशीन दिसायचं, तुला दर वेळी रोगी दिसायचा. हे मला आत्ता लिहिताना कळतंय, तेव्हा नुसतं डोकं तापायचं.

आता डॉक्टरांच्या मोटारीकडं येतो.

गडहिंग्लजच्या डॉक्टरांची काळी मोटार. तिचा ड्रायव्हर श्रीपती, मारुतीचा भक्त, शनिवारचा उपास करणारा, गाडीला लेकरागत धुणारा. फाल्गुनात तो गाडी घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, तेल लई पितीया. दर शनिवारी दोन दोन पेलं घालतोय मी." चारी प्लग काळे. पण सारखे काळे नाहीत, एक जास्त, एक कमी. मी लगेच म्हणालो, बोअर. डॉक्टर आडगावी रोग्यांकडं जातात, गाडी वाटेत बंद पडली तर एखाद्याचा जीव जाईल, एकदाच काय ते कापून टाकू. तू म्हणालास, "चल, जोतिबाला जाऊन येऊ."

"देवाला?"

"डोंगराला."

मला मागच्या सीटवर उलटा बसवलंस, तोंड मागच्या काचेकडं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, पोराटोरांसारखा गुडघ्यावर बसून धूर बघत होतो. अख्खा चढ चढलो. धूर नाही. गाडीनं दम लावला, तरी नाही. उतरताना तू श्रीपतीला पाय काढून घ्यायला लावलास, गाडी गियरवर नुसती खाली येत राहिली. पायथ्याला आल्यावर म्हणालास, "आता दाब." त्यानं दाबलं, आणि मागं निळ्या धुराचा असा लोट उठला की मागून येणारा सायकलवाला शिव्या देत खाली उतरला.

"चढाला न्हाय, उताराला हाय," म्हणालास. "रिंगा गेल्या असत्या तर चढाला धूर टाकला असता. उतारावर पाय काढला की इंजिन हवा मागतंय. हवा मिळंना झाली की वरनं, गाइडातनं, तेल ओढतंय. फकस्त गाइड बदल. बोअर नगं."

मी मानलं नाही. कसं मानणार? भर गल्लीत, चहाच्या गाड्यासमोर, आपली पैज लागली. कोल्हापुरात पैज लागली की ती फेट्याचीच. गाइड बदलून गाडी बरी झाली तर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर मी तुझ्या डोक्याला फेटा बांधायचा. नाही झाली तर तू माझ्या. तू गाइड बदललेस आणि गाडी देताना श्रीपतीला बजावलंस, "तेल कमी पडू द्यायचं न्हाय, बघ." त्यानं हात जोडून मान हलवली. हे वाक्य आणि ही मान लक्षात ठेव.

चैत्र गेला, वैशाख गेला. गाडी झकास. गल्लीतले मला विचारायचे, "काय सर्जेराव, फेटा आणलासा का?" मी म्हणायचो, पावसाळा तर जाऊ दे. मनातून मला कळलं होतं की मी हरलोय. पण हरलोय हे कळणं आणि हरलो म्हणणं यांत माझ्यासारख्याला फार मोठा घाट लागतो.

आणि श्रावणात गाडी परत आली. चालताना ठसके देत, मागं निळा धूर सोडत. तू तेव्हा आजारी होतास, छाती भरलेली, घरात खाटेवर. गॅरेज बंद होतं म्हणून श्रीपती सरळ माझ्या दारात आला. त्यानं प्लग आधीच काढून आणले होते, पांढऱ्या शुभ्र रुमालात गुंडाळून. पुसून, घासून, चकचकीत करून. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, तेही गेलं. "मिस्त्री आजारी हाईत, त्यास्नी घाण कशाला दावायची," म्हणाला. एवढी वर्षं तुझ्या तोंडचं "पुसू नगं" ऐकून ऐकून हेच शिकला होता तो!

खरं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. तो रुमाल घेऊन मी तुझ्या घरी आलो तो मिरवणूक निघाल्यासारखा. तू उशीला टेकून बसलास, एकेक प्लग डोळ्याजवळ नेलास. मोतीबिंदूनं तुझा एक डोळा दुधाळ झाला होता.

"पुसल्यात," म्हणालास.

"दिसत न्हाय म्हण की सरळ!"

तू परत प्लग उचललेस. नखानं चारीच्या आतल्या कडा खरवडल्यास, बोटावर बोट घासलंस, वास घेतलास. बराच वेळ घेतलास. मग म्हणालास, "चारीत तेल हाय. चारीत सारखंच हाय. सर्ज्या, चार भाऊ एका दिशी म्हातारं हुईत न्हाईत. ह्ये झिजीचं काम न्हाय. बोअर मोज आदी, मग बोल. आनि त्येच्या आदी..."

त्याच्या आधी काय, ते मी ऐकलंच नाही. मी उठून उभा राहिलो होतो. "तुझी नजर गेली दस्तगीर," म्हणालो. "गाइड गाइड करत म्हातारा झालास. आता घरात बस. परवा मी ब्लॉक कापतो आनि खंडेनवमीला फेट्याला डोसकं तयार ठिवतो." भाभी चहा घेऊन आल्या होत्या, तो तसाच ठेवून मी निघालो. वाटेत चहाच्या गाड्यावर थांबून हेच चार लोकांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

तुझ्यावर तीन मुठी माती टाकली तेव्हा माझ्या हाताला इंजिनाचं तेल होतं. सकाळी डॉक्टरांच्याच गाडीखाली शिरलो होतो, निरोप आला तसा धावत आलो. माती हाताला चिकटून राहिली. मी ती झटकली नाही. रडलोही नाही, कारण माझ्या डोक्यात अजून तुझ्याशी वाद चालू होता. असा माणूस तुला दोस्त म्हणून मिळाला, काय करणार?

आठवडाभर मशीनला हात लावला नाही. मग डॉक्टरांचा निरोप आला, गाडीवाचून रोगी अडलेत. तेव्हा कामाला लागलो. पहिल्यांदा तेल काढायचं, म्हणून माझा तो जुना डबा इंजिनाखाली सरकवला. असल्या इंजिनाचं सगळं तेल त्या डब्यात मावतं, वर चार बोटं जागा राहते. वीस वर्षं हाच डबा आहे. नट सोडला, तेल पडायला लागलं, आणि मी पाने-पकडी गोळा करायला वळलो. पायाला गरम लागलं म्हणून बघतो तर डबा भरून वाहत होता. तेल फरशीवर, माझ्या चपलांत, आणि वरून धार चालूच.

मी तिथंच खाली बसलो, दस्तगीर. तेलातच बसलो. मला समजलं.

तेल कमी नव्हतं. तेल जास्त होतं. इतकं जास्त की आत फिरणारा दांडा ते घुसळून वर उडवत होता, रिंगांनी आवरायचं तरी किती? म्हणून चारी प्लग सारखेच ओले. "आनि त्येच्या आदी" काय करायचं होतं, तेही समजलं. इंजिनात तेल किती ते दाखवणारी पट्टी काढून बघायची होती. गाडीच्या ड्रायव्हरनं रोज सकाळी बघायची ती साधी पट्टी. मी बघितली नव्हती. मला फक्त माझं मशीन दिसत होतं. नजर गेली होती ती माझी.

तरी पक्कं करायला हेड उतरवलं. तू बसवलेल्या गाइडांत व्हॉल्व्ह धरून हलवून बघितला, जागचा हलेना. मग सिलिंडर मोजायचं माझं माप हातात घेतलं आणि चारी सिलिंडर मोजले. वर मोजले, मध्ये मोजले, खाली मोजले, आडवे मोजले, उभे मोजले. सगळे मापात. हा ब्लॉक मी कापला असता तर चांगलं लोखंड भुसा करून टाकलं असतं. एकदा कापलेलं लोखंड परत येत नाही.

श्रीपतीला बोलावलं. "किती तेल घालतोस रं?"

"दर शनिवारी की. मारुतीला वाहतो, मग गाडीला घालतो."

मी त्याचा दंड धरला. "गोडंतेल?"

"खुळं झालासा का सर्जेराव? मारुतीचं तेल येगळं, गाडीचं येगळं, पेलंबी येगळं. गाडीला इंजानाचंच."

"मिस्त्रीनं गाइड बदलल्यावरबी?"

"मिस्त्री म्हणाल्यातं न्हवं, तेल कमी पडू द्यायचं न्हाय. म्या मोडीन व्हय त्यांचा शब्द? दोनाचा एक पेला केला, पर सोडला न्हाय. आनि श्रावण लागल्यावर परत दोन. श्रावणी शनिवार कसा सोडायचा?"

"आनि पट्टी?"

"बघतोय की. खालच्या खुणंच्या वर असतंय कायम. लई झ्याक."

पट्टीला वरचीही एक खूण असते, हे त्याच्या गावीच नव्हतं. मी हसायला लागलो. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. श्रीपती घाबरला. अरे, त्याची सवय होती ती दुखणाईत गाडीची! आधी गाडी पेलेच्या पेले पीत होती, म्हणून तो घालत होता. तू गाइड बदललेस आणि तिचं पिणंच थांबलं. थेंब जळेना. त्याचा पेला मात्र चालू राहिला, आणि आत साठत गेला शनिवारमागून शनिवार. तुझं काम कच्चं असतं, थोडंसं जरी कच्चं असतं, तर ते तेल जळून गेलं असतं आणि गाडी कधी परत आलीच नसती. ती परत आली कारण तू एक थेंब गळायला जागा ठेवली नव्हतीस. लोक म्हणत होते मिस्त्री चुकला. मिस्त्री इतका बरोबर होता की त्यातनंच दुखणं निघालं!

मी तसाच, तेलानं माखलेला, गल्लीत आलो आणि चहाच्या गाड्यासमोर उभा राहून बोंब ठोकली. जिथं तुला आंधळा म्हणालो होतो तिथंच. "दस्तगीर बरोबर हुता! ऐका रं, दस्तगीर बरोबर हुता!" फौंड्रीतली माणसं बाहेर आली. मी एकेकाला हाताला धरून आत नेलं, वाहिलेला डबा दाखवला, माप हातात दिलं, म्हणालो स्वतः मोजा. कोणी मोजलं, कोणी माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. त्यांनी मला कधी हरलो म्हणताना ऐकलं नव्हतं.

तरी मला पुरावा पुरेना. गाडी जोडली, तेल खुणेपर्यंतच भरलं, प्लग स्वच्छ करून बसवले, आणि श्रीपतीला घेऊन जोतिबाच्या डोंगराला गेलो. या खेपेला मागच्या काचेकडं तोंड करून श्रीपतीला बसवलं आणि गाडी मी चालवली. चढलो, उतरलो, पायथ्याला दाबलं. "काय न्हाय," श्रीपती ओरडला. "रस्ता निस्ता!" परत गेलो. तिसऱ्यांदाही गेलो. मग आठ दिवस डॉक्टरांना गाडी वापरू दिली, आणि परत बोलावून प्लग काढले. मी, स्वतः. नाही पुसले.

चारी भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. तुला ते दिसायला हवे होते रे मर्दा.

खंडेनवमीला तुझं गॅरेज भाभींनी उघडलं. दर साली सगळ्या गल्लीबरोबर तूही पाने-पकडी धुऊन मांडायचास, झेंडू वाहायचास, नारळ फोडायचास. ह्या साली ते आम्ही केलं. तुझी फळी मधोमध ठेवली, तिच्यात डॉक्टरांच्या मोटारीचे चारी प्लग, ज्याचे त्या नंबरात. मी गुलाबी फेटा आणला होता, तालमीत जिंकलेल्या पैलवानाला बांधतात तसला, लांबच लांब. फळीला फेटा बांधता येतो का? येतो. मी बांधला. तुरासुद्धा काढला. मग मैदानात ओरडतात तसा ओरडलो, "कुस्ती निकाली! दस्तगीर मिस्त्री इजयी!" गल्लीनं अशा टाळ्या वाजवल्या की काय सांगू. श्रीपतीनं तर शिट्टी मारली.

भाभी इतके दिवस माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. त्या फळीजवळ आल्या, फेटा जरा नीट केला. "त्यांच्या डोसक्यावर कवा फेटा टिकला न्हाय," म्हणाल्या. "ह्यो बरा बसला." मी मान खाली घालून म्हणालो, भाभी, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही गेल्यावर म्या लई चिडले हुते. ह्यांना म्हणलं, त्यो आता कापून मोकळा हुईल, घ्या. तर हसायला लागलं. म्हणालं, न्हाय कापायचा. सर्ज्या निस्ता तोंडानं कापतोय. हातानं मोजल्याबिगर कधी कापत न्हाय."

दस्तगीर, तुला हे माझ्याबद्दल माहीत होतं. मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. त्या डब्यातून तेल वाहिलं नसतं तर मी मोजलं असतं का? मोजलं असतं. मी स्वतःला रोज विचारतो आणि रोज हेच उत्तर देतो, कारण तू तसं म्हणून गेलास. आता ते खरं ठरवणं एवढंच माझ्या हातात आहे.

फळी भाभींनी मला दिली. माझ्या मशीनच्या वर, भिंतीला लावलीय. फेटा आहे तसाच. परवा मुरगूडहून एक पावणा आला, टेम्पोत इंजिन घालून. "तेल खातंय, चारी सिलिंडर कापा," म्हणाला, आणि खिशातनं रुमाल काढला. त्यात चार प्लग, चकचकीत.

"कुणी पुसलं!" मी असा ओरडलो की समोरच्या फौंड्रीतलं कोणीतरी दारात आलं आणि मला बघून तसंच उभं राहिलं.

पावण्याला बसवला, चहा दिला. मग आधी तेलाची पट्टी बघितली, तेल खुणेपर्यंतच होतं. नखानं चारी प्लगांच्या आतल्या कडा खरवडल्या, वास घेतला, तेल कुठं जास्त, कुठं कमी. चारी सिलिंडर मोजले, वर, मध्ये आणि खाली. मापात. मशीनचं बटण दाबलं नाही.

"घेऊन जावा पावणं," म्हणालो. "वरचं काम हाय, गाइडचं. बोअर नगं."

त्यानं रुमाल खिशात घातला. "आवं, तुम्ही बोरिंगवालं न्हवं? बोअर नगं म्हणून कोण सांगितलं तुम्हास्नी?"

मी भिंतीवरच्या फेट्याकडं बोट केलं.

"आमच्या मिस्त्रीनं."